चौथा रकाना विचारायचा नाही

आमच्या दुकानात चुकलेल्या झेरॉक्स फेकून देत नाहीत. पाठकोरे कागद म्हणून एका खोक्यात टाकतात. हळूहळू ते खोकं इतकं भरतं, की झाकण बसत नाही. किश्शांचंही तसंच होतं बघा. एखादा ग्राहक काहीतरी बोलून जातो, आपण "बाप रे!" म्हणतो आणि पुढचा फॉर्म ओढतो. मग एक दिवस लक्षात येतं की झाकण बसत नाहीये!

माझ्या खोक्यातले निम्मे किस्से एकाच इंग्रजी शब्दाचे आहेत. प्रत्येक फॉर्मवर छापलेला असतो. सरकार छापतं, प्रेस छापतो, आणि मोठ्याने वाचायची वेळ आली की सगळ्यांना खोकला येतो.

आमचं दुकान वसईच्या एव्हरशाईन सिटीत, एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर. पाटीवर लिहिलंय, 'झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील.' मालक राऊतकाका, सत्तरीकडे झुकलेले. जेनेट फोटो आणि प्रिंटर सांभाळते. ती वसईतल्या जुन्या ख्रिश्चन घरातली, आणि दुकानात सगळ्यात जास्त बोलणारी. तिसरी मी, ऋतुजा. इंग्रजी घेऊन बीए केलं आणि घरी जाहीर केलं, "लोकांचे हक्क फॉर्मवर अडतात, म्हणून मी फॉर्म भरणार!" आई म्हणाली, "लोकांचे भर, पण बीएडचा तुझा स्वतःचाही भर." तो अजून भरलेला नाही.

काकांच्या अक्षराबद्दल आधीच सांगून ठेवते. कॉम्प्युटर आला तरी कागदी फॉर्म ते हातानेच भरतात. ओळ सरळ यावी म्हणून खाली स्टीलची फूटपट्टी धरतात. त्यामुळे अक्षरं पट्टीवर आपटून खालून चपटी होतात. उकारांच्या जागी तर नुसती आडवी रेघ. जेनेट म्हणते, "काकांच्या अक्षरांनी चपला घातल्यात!"

* * *

पहिला दिवस. समोर एक बाई, हातात भाजीची पिशवी. मी उत्साहात.

"नाव? पत्ता? जन्मतारीख?" बाई पटापट सांगत होत्या.

"सेक्स?"

रांगेतल्या एका माणसाने कानाचा मोबाईल खाली घेतला. बाईंच्या पिशवीतून मेथीची जुडी खाली पडली, ती कोणी उचलेना. आणि झेरॉक्स मशीनमध्ये नेमका त्याच क्षणी कागद अडकला. देवाशपथ!

काकांनी मला आत बोलावलं.

"तुझ्या घरी कोण कोण असतं?"

"आई-बाबा. का हो?"

"तू दिवसभर इथे काय विचारतेस ते त्यांना कळलं तर?"

"अहो काका, फॉर्मवर छापलंय ते!"

"छापणाऱ्याला दुकान चालवायचं नसतं," काका म्हणाले. मग त्यांनी मला दुकानाचा नियम सांगितला. "चौथा रकाना विचारायचा नाही. समोर बघायचं आणि भरायचं. माणूस समोर नसेल तर नावावरून भरायचं. चाळीस वर्षं असंच भरतोय. एक तक्रार नाही!"

तो रकाना एखाद्या फॉर्मवर तिसरा असतो, एखाद्यावर अकरावा. काकांसाठी तो कायम चौथा. त्याला त्यांनी दिलेलं ते टोपणनाव होतं. आम्ही दोघंही हादरलो होतो. ते माझ्यामुळे, मी त्यांच्यामुळे. मेथीची जुडी शेवटी जेनेटने उचलून दिली.

* * *

मला स्वस्थ बसवेना. घरी जाऊन त्या शब्दाची सगळी कुंडली काढली आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी काकांना गाठलं.

"काका, मूळ शब्द लॅटिन आहे, सेक्सस. कापणं, विभागणं अशा अर्थाच्या शब्दापासून तो आला असं पुष्कळ जण मानतात. खात्री कोणालाच नाही, पण तसं असेल तर तो आपल्या सेक्शनचा चुलतभाऊ. माणसांचे दोन भाग केले, त्यातला तुमचा कुठला, एवढंच तो रकाना विचारतो. इंग्रजीत हा शब्द सहाशे वर्षं आहे. तुम्हाला ज्याची लाज वाटते ना, त्या अर्थाला जेमतेम शंभर वर्षं झालीत!"

काकांनी बशीत चहा ओतला. "म्हणजे शब्द चांगल्या घरातला होता."

"आहे, काका!"

"मग संगत वाईट लागली," काका म्हणाले आणि चहा प्यायले.

पण त्या शोधात मला खरा धक्का बसला तो वेगळाच. जुन्या इंग्रजीत कितीतरी वर्षं नुसतं 'द सेक्स' म्हटलं, की त्याचा अर्थ बायका! दोन भागांसाठी केलेला शब्द, आणि तो चिकटवला एकाच भागाला! मी तावातावाने जेनेटला हे सांगितलं.

जेनेट फोटो कापत होती. कात्री थांबवून म्हणाली, "म्हणजे पुरुष भागात नाहीत? ते अख्खे?"

* * *

जेनेट गप्प बसणारी नाही. रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर तिने चर्चच्या आवारात म्हाताऱ्या फादरना गाठलं. ते सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याच्या शाळेत, लॅटिन शिकलेले. जेनेटच्या आईने मागून चिमटा काढला, पण तोपर्यंत प्रश्न बाहेर पडला होता. "फादर, सेक्सस म्हणजे काय?"

आईला वाटलं, आता जमीन दुभंगणार. फादरनी डोळे मिटले, काठीवर दोन्ही हात ठेवले.

"नाम. पुल्लिंगी. चौथ्या गटातलं. चालव!"

"मला येत नाही, फादर."

मग फादरनी स्वतःच चालवायला घेतलं, एकवचन, अनेकवचन, सगळं, सुरात. "सेक्सस, सेक्सूस, सेक्सुई, सेक्सुम..." किती वर्षांनी कोणीतरी त्यांना लॅटिन विचारलं होतं! आवाज चढत गेला. बाजूला हातात रोझरीची माळ घेऊन उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या आणि शेवटी भक्तिभावाने म्हटलं, "आमेन."

सोमवारी जेनेटने हे सांगितल्यावर आम्ही हसून हसून बेजार. काका मात्र गंभीर. "चौथ्या गटातलं म्हणाले? मी पहिल्यापासून चौथाच म्हणतोय."

* * *

मग मी नोटीस लावली. लोक लाजतात कारण त्यांना कोणी सांगितलेलं नाही, असं माझं ठाम मत होतं. अजूनही आहे. मोठ्या कागदावर सुबक अक्षरात लिहिलं. तो शब्द कुठून आला, फॉर्मवर त्याचा अर्थ काय. मराठीत आपण त्याला लिंग म्हणतो, तेही मुळात 'खूण' एवढ्याच साध्या अर्थाचं. शाळेत स्त्रीलिंग-पुल्लिंग आपण ओरडून पाठ केलंय, तेव्हा कोणी लाजलं नव्हतं! शेवटी लिहिलं, 'कृपया न लाजता सांगा.'

दोन तासांत सोसायटीचे सेक्रेटरी आले. आधी त्यांनी चष्मा पुसला, मग नोटीस वाचली, मग चष्मा परत पुसला.

"राऊत, इथे लहान मुलं येतात!"

मी म्हटलं, "त्यांच्याच शाळेच्या फॉर्मवर हा शब्द आहे!"

"फॉर्मवर बारीक अक्षरात असतो!" सेक्रेटरी म्हणाले.

राऊतकाकांनी तोडगा काढला. नोटीस राहू दिली, फक्त त्या एका शब्दावर पांढऱ्या कागदाची पट्टी डकवली. वरच्या कडेला डिंक, खालची बाजू मोकळी. डिंक कमी पडला म्हणे.

पुढे काय झालं असेल सांगा! जो येईल तो आधी ती पट्टी उचलून खाली बघायचा. सेक्रेटरींच्या मिसेस बघून गेल्या. पाण्याचा जार टाकणारे बघून गेले. आठवडाभरात पट्टीचा खालचा कोपरा बोटांच्या डागांनी काळा झाला. मी इतक्या कष्टाने लिहिलेल्या बाकीच्या ओळी कोणीही वाचल्या नाहीत!

शेवटी सेक्रेटरी स्वतः येऊन म्हणाले, "ती पट्टी काढा. फार अश्लील दिसते."

* * *

काकांचा 'नावावरून भरायचं' हा नियम किती धोक्याचा, ते मला कमलमुळे कळलं. कमलची आई येऊन मतदार यादीचा फॉर्म भरून घेऊन गेली होती. कमल कामावर होता. काकांनी नाव ऐकलं आणि भरलं, 'स्त्री'.

कार्ड आलं आणि कमल दुकानात आला. सहा फूट उंची, छातीपर्यंत दाढी, टेम्पोचा ड्रायव्हर. कार्ड काउंटरवर आपटलं. जेनेट फोटोच्या पडद्यामागे गेली. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता तरी काका शिकतील.

"दुरुस्तीचा फॉर्म देते," मी घाईघाईने म्हटलं. "हा तुमचा हक्क आहे!"

"दुरुस्ती कशाला? लॅमिनेशन करून द्या," कमल म्हणाला. "बायकांची रांग छोटी असते."

मी थक्क झाले! मी त्याला अर्धा तास समजावलं. ओळख म्हणजे काय, नोंद म्हणजे काय, चुकीची नोंद किती महागात पडू शकते. तो शांतपणे ऐकत होता. निघताना जेनेटला म्हणाला, "तुमच्या ताई भाषण चांगलं देतात. त्यांचं स्वतःचं नाव मतदार यादीत आहे ना?"

* * *

अजून एक सांगायलाच हवा. या किश्श्यात मीच चुकीची ठरले.

एकदा रुही आली. हिरवी साडी, भरघोस दाढी काढून टाकल्यावर राहते ती गालांवरची निळसर झाक, हातात रेशन कार्डाचा फॉर्म. रांगेतले दोघं-तिघं उगाचच हसले. मी काकांकडे बघत होते. आता हे बघून भरणार, आणि मी भांडणार. मी तयारीतच होते.

काकांनी फूटपट्टी धरली. नाव, पत्ता, जन्मतारीख लिहिली. पेन चौथ्या रकान्यावर आलं आणि थांबलं. काकांनी रुहीकडे बघितलं, मग फॉर्म तिच्याकडे फिरवला, वर पेन ठेवलं.

"तेवढं तुम्ही भरा."

रुहीने तिसऱ्या चौकोनात खूण केली. पेन परत देताना म्हणाली, "आजपर्यंत सगळ्यांनी मला बघून भरलं. पेन देणारे तुम्ही पहिले."

काका म्हणाले, "टोपण लावून द्या. सुकतं."

* * *

आणि मग किरण आली.

अठरा वर्षांची, पाठीवर घट्ट वेणी, सोबत आई हिराताई. जवळच्या गिरीज गावात त्यांची छोटी वाडी आहे, केळी आणि भाजीची. किरणचे बाबा ती सातवीत असताना गेले. तेव्हापासून वाडी हिराताईच बघतात.

किरणने दोन कागद काउंटरवर ठेवले. एक, मुलींच्या नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागल्याचं पत्र. दुसरा, तिचा जन्मदाखला. त्यावर लिंग या शब्दापुढे लिहिलं होतं, 'पुरुष'.

"मूळ कागद तपासताना परत दिला," किरण म्हणाली. "पंधरा दिवसांत दुरुस्त करून आणा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. ताई, मी बायोलॉजीत वर्गात पहिली आहे. आणि मला सिद्ध करायचंय की मी मुलगी आहे!"

माझं डोकं फिरलं. "इतकी वर्षं कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"आलं होतं," हिराताई म्हणाल्या. त्यांचं माहेर खाडीकडच्या भातशेतीच्या गावातलं, बोलणं अजून तिथलंच. "पयलीत बाईंनी या दाखल्यावर बोट ठेवलं होतं. बोलल्या, हे नीट करून घ्या. काय ते बोलल्या नाय. मी घरी नेऊन पेटीत ठेवला."

"अहो, मग विचारायचं ना कोणाला!"

"कोनाला इचारू, बाय? नि काय म्हनून इचारू?"

पुढे प्रत्येक शाळेने समोर वेणी बघितली आणि भरलं. ज्युनिअर कॉलेजनेही तेच केलं. सगळीकडे काकांचाच नियम! फक्त या शेवटच्या टेबलावर कोणीतरी कागद खरोखर वाचला.

राऊतकाकांनी दाखला हातात घेतला. खूप चिडले.

"किरण नाव ऐकून कोणा मूर्खाने ठोकून दिलंय! अरे, मुलीचंही असतं हे नाव. एक शब्द विचारायला काय जातं माणसाचं?"

मी आणि जेनेट एकमेकींकडे बघत राहिलो. मशीन चालू होतं म्हणून बरं, नाहीतर जेनेटचं हसू काकांना ऐकू गेलं असतं.

* * *

नोंदणीच्या ऑफिसात मी, किरण आणि हिराताई तिघी गेलो. खिडकीतल्या साहेबांनी अर्ज बघितला, किरणकडे बघितलं, परत अर्ज बघितला.

"मेडिकल आणा."

"कसलं?"

"म्हणजे ते... डॉक्टरांचं... की ही..." त्यांनी हवेत हाताने काहीतरी गोल काढलं.

"की मी मुलगी आहे?" किरणने विचारलं.

"हां, ते."

माझा तोल गेला. "अहो, ती तुमच्या समोर उभी आहे! तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतंय हो, मॅडम. मला सगळं दिसतंय," ते अगदी शांतपणे म्हणाले. "पण दिसतंय म्हणून भरता येत नाही. बघून भरायला लागलो तर उद्या काय होईल?"

मी मान वळवून किरणकडे बघितलं. काय होईल ते माझ्या शेजारी उभं होतं!

शेवटी आतल्या टेबलावरच्या मॅडमनी आमचं भांडण ऐकलं आणि बाहेर आल्या. म्हणाल्या, "मेडिकल राहू द्या. आधी मूळ अर्ज बघू. लिहितानाच चूक झाली असेल, तर दोन माहितगार माणसांचं लेखी निवेदन चालतं. जन्म कुठला?"

"माझ्या म्हायेरचा," हिराताई म्हणाल्या. "घरीच झाली. सुईनबाईंनी केलं."

ती गावं आता शहरात आली आहेत, त्यांच्या जुन्या कागदांचे गठ्ठेही या ऑफिसात आले आहेत. तासाभराने धूळ झटकत मॅडमनी एक पिवळा कागद काढला आणि आमच्यापुढे ठेवला. निळी शाई. ओळी आखल्यासारख्या सरळ. आणि तो शब्द, 'पुरुष'. 'पु'चा उकार खालून चपटा. नुसती एक आडवी रेघ.

"काय झालं, ताई?" किरणने विचारलं.

"चपला," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

* * *

त्या कागदाची प्रत घेऊन आम्ही तिघी दुकानात आलो. वाटेत रिक्षात मी मनात मोठं भाषण तयार केलं होतं. काउंटरवर प्रत ठेवली. काकांनी चष्मा लावला. प्रत डोळ्यांजवळ धरली.

"अक्षर माझंच आहे."

"विचारलं नव्हतंत तुम्ही!"

"नसेन विचारलं."

"चाळीस वर्षांत एक तक्रार नाही म्हणाला होतात ना, काका? ही घ्या तक्रार. अठरा वर्षांची झाली, समोर उभी आहे!"

काका खाली बसले. दुकान घ्यायच्या आधी ते हिराताईंच्या माहेरच्या गावात पंचायतीबाहेर झाडाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचे, हे मला तेव्हा कळलं. "पण किरण हे नाव..." ते पुटपुटत होते. "नुसत्या नावावर मी लिहिलं नसतं. किरण दोन्हींचं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी असं कसं लिहिलं?"

हिराताई त्यांच्याकडे निरखून बघत होत्या.

"झाडाखाली टेबल घेऊन बसायचे, ते तुमीच काय?"

"हो, मीच."

"मग तुमी पेढा खाल्ला असनार," हिराताई म्हणाल्या.

काकांनी चष्मा काढला.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी. तोंडाने काही सांगावं लागत नाही, खोकं उघडलं की समजतं. किरणचे बाबा पेढे घेऊन गेले होते. झाडाखालच्या लेखनिकाने एक पेढा तोंडात टाकला आणि चौथा रकाना भरला.

"बाबांनी पेढे वाटले?" किरणचा आवाज एकदम लहान झाला. "माझे?"

"गावभर," हिराताई म्हणाल्या. "लोक हसले. पोरगी झाली नि पेढे वाटतोय, येडा झाला काय! तर हे बोलले, बर्फी कशाला? मला काय कमी आनंद झालाय?"

माझं भाषण मी विसरले.

* * *

दुसऱ्या दिवशी काका आमच्याबरोबर ऑफिसात आले. फूटपट्टी आणायला विसरले होते, की मुद्दाम आणली नव्हती, माहीत नाही. दुसरी माहितगार म्हणून हिराताईंनी त्या सुईणबाईंनाच आणलं होतं. ऐंशीच्या वर वय, पण आवाज खणखणीत. खिडकीतल्या साहेबांना म्हणाल्या, "सगल्यांच्या आधी मी बघितलं होतं! मला कोनी इचारलंच नाय!"

अर्जावर एक चौकट होती, 'चुकीचे कारण'. काकांनी बाकावर बसून ती भरली. ओळ जरा तिरकी गेली. मॅडमनी ती वाचली, आणि मग परत एकदा, मोठ्याने.

"बाळाच्या वडिलांनी पेढे दिले. मी पेढा खाल्ला आणि विचारले नाही."

खिडकीतले साहेब मान वळवून बघू लागले.

"काका, असं नसतं लिहायचं," मॅडम हलकेच म्हणाल्या. "'नजरचुकीने' लिहा. सगळे तेच लिहितात."

"नजर चुकली नव्हती, मॅडम," काका म्हणाले. "तोंड उघडलं नव्हतं."

मॅडमनी शिक्का मारला.

नवा दाखला तेराव्या दिवशी हातात आला. चौदाव्या दिवशी किरण कॉलेजात हजर झाली.

* * *

मागच्या महिन्यातली गोष्ट. शनिवार, दुकान भरलेलं. एक तरुण आला, कडक इस्त्री, पीळ दिलेल्या मिशा, चेहऱ्यावर मावत नाही एवढं हसू. बाळाचं नाव रेशन कार्डात चढवायचं होतं. फॉर्मच्या आधी त्याने पेढ्यांचं खोकं काउंटरवर उघडलं.

"घ्या काका, घ्या!"

काकांनी एक पेढा तोंडात टाकला, चवीने खाल्ला, बोटं रुमालाला पुसली आणि पेन उचललं.

"बाळाचं नाव?"

"अनमोल."

"जन्मतारीख?"

त्याने सांगितली. काकांनी लिहिली. मग त्यांनी मान वर केली, तरुणाच्या डोळ्यांत बघितलं आणि भरल्या दुकानात मोठ्याने विचारलं,

"सेक्स?"

जेनेटच्या हातातली कात्री थांबली. तरुणाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा रांगेकडे, आणि मग खोक्याकडे बोट दाखवलं.

"काका, आत्ता पेढा खाल्लात ना!"

"खाल्ला. ताजा आहे. सेक्स?"

तरुण कानापर्यंत लाल झाला.

"मुलगी," तो म्हणाला.

काकांनी ते लिहिलं. दुसरा पेढा मात्र त्यांनी न विचारता उचलला.